सहाव्या ड्रॉवरची फळी

रशीदभाई, आधी भांडण करून घेते, गोड बोलणं मागाहून. एवढं शिसवी कपाट उभं केलंत, त्याचे सहा ड्रॉवर केलेत, पाचांना पुढची फळी बसवलीत, आणि सहाव्याची फळी कुठं ठेवलीय हे न सांगता खुशाल निघून गेलात. टपरीवर चहा प्यायला जातानासुद्धा तुम्ही मला बजावून जायचात, "पद्मा, रंध्याला हात लावू नक्को." आणि एवढ्या लांब जाताना एक शब्द नाही.

उद्या तुमचा चाळिसावा. भाभींनी मला कांदे चिरायला सकाळीच बोलावलंय, म्हणजे उद्या तुमच्याशी बोलायला सवड मिळणार नाही. म्हणून आज लिहून टाकते. एकवीस वर्षं दिवसभराचं सगळं तुम्हाला सांगायची सवय लागलीय आणि घरी आमच्या ह्यांना पॉलिशमधलं ओ की ठो कळत नाही.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी मी विजापूर वेशीतल्या आपल्या वर्कशॉपचं कुलूप काढलं. बाकावर तुमचा कामाचा दोरीचा चष्मा अजून तसाच होता. कानामागची पेन्सिल डबीत होती, म्हणजे कामाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही शहाण्यासारखं आवरून गेला होतात. मी बाकावर डोकं टेकून रडले, लपवत नाही. तेवढ्यात नाकात भुसा गेला आणि अशा शिंका सुटल्या की रडणं तिथंच मोडलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रड की, पण लाकडावर नक्को. डाग पडतो."

मग कपाटावरची चादर काढली. होटगी रोडच्या डॉक्टरीणबाईंचं कपाट. दांडेलीकडच्या लिलावातून आणलेली एकच लांब शिसवी फळी आणि तिच्यातूनच सहाही ड्रॉवरचे दर्शनी तुकडे ओळीनं कापायचे, हा तुमचा हट्ट. वर तीन ड्रॉवर, खाली तीन. लाकडाची काळी-जांभळी रेष पहिल्या ड्रॉवरवर सुरू होते, तिसऱ्यापर्यंत जाते आणि वहीतली ओळ संपून खाली यावी तशी चौथ्यावर उतरते. पाचव्यापर्यंत ती कशी झोकात वळत आलीय. आणि पुढं नुसतं भोक. ती सहावी फळी मिळाली नसती तर अलीकडच्या पाचांनाही अर्थ उरला नसता. दुसऱ्या झाडाचा तुकडा लावला असता तर डॉक्टरीणबाईंना कळलंही नसतं कदाचित, पण मला ते कपाट जन्मभर टोचलं असतं. तुमच्या हातचं शेवटचं काम ते.

डॉक्टरीणबाई भेटायला आल्या होत्या. तुमच्या बाकाला हात लावून उभ्या राहिल्या थोडा वेळ. मग म्हणाल्या, "पद्माताई, महिनाअखेर मी नव्या घरात जातेय, ट्रक ठरलाय. साधी दुसरी फळी लावून द्या ना. आता कुणाशी हट्ट करायचा?"

मी म्हटलं, "बाई, चार उन्हाळे थांबलात की. आणखी थोडे दिवस थांबा."

त्या हसल्या. त्यांना ते चार उन्हाळे चांगलेच पाठ आहेत. परगावचं लाकूड आलं की तुम्ही ते भिंतीला उभं करायचात आणि एक उन्हाळा सरला की त्यावर खडूनं एक रेघ ओढायचात. चार रेघा होईतो करवत लावायची नाही. कुणीही येऊ दे, कितीही मोठा माणूस असू दे. "आधी ह्याला सोलापूरचं ऊन पचू दे," म्हणायचात. "अजून परगावचंच हाय हे. आता कापलं तर घरी जाऊन वाकडं होतंय." डॉक्टरीणबाई दर वर्षी मे महिन्यात गाडी थांबवून आत यायच्या, फळीवरच्या रेघा मोजायच्या आणि "अजून कमीच आहेत" असं स्वतःशीच म्हणून निघून जायच्या. गिऱ्हाइकाला एवढी शिस्त लावणारा सुतार साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

मला मात्र तुम्ही चार मिनिटांत कामाला लावलंत. आठवतंय? मी वळलेल्या विड्यांचं सूप डोक्यावर घेऊन कारखान्याकडं निघाले होते. उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून तुमच्या दारातल्या माठातलं पाणी मागितलं. शेजारी एक टेबल नुकतं पॉलिश होऊन उभं होतं. पाणी पिता पिता मी सहज त्याच्यावर बोट फिरवलं आणि म्हटलं, "हितं खडबडीत लागतंय की."

तुम्ही हात फिरवलात. "कुटं? न्हाई लागत."

"हितं. बारीक शीर हाय."

तुम्ही चष्मा लावलात, टेबल उन्हात ओढलंत, वाकून पाहिलंत. होती शीर. तुमचा जुना पॉलिशवाला आखातात निघून गेला होता आणि नव्यानं घाई केली होती. तुम्ही माझ्या बोटांकडं बघितलंत. दहाव्या वर्षापासून विडीचा पाला हाताळणारी बोटं, पानाची शीर न बघता कळते त्यांना. "उद्यापास्नं ये," म्हणालात, "घासकामाला." मी घरी जाऊन आईला सांगितलं तर आई तेलुगूत ओरडली की बाई माणसानं सुताराकडं काय करायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही भाभींना घेऊन आमच्या घरी आलात. भाभी आईजवळ बसल्या, चहा प्यायल्या, आणि दोघींची भाषा एक नसताना दोघींचं ठरून गेलं. त्या चहाचे उपकार माझ्यावर अजून आहेत.

घासता घासता मी पॉलिश शिकले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा आणि गोल गोल हात फिरवत राहायचं. हात थांबला की संपलं. बोळा जागच्या जागी चिकटतो आणि फडक्याची वीण लाकडावर उमटते. मला हे जमायला तीन वर्षं लागली. आणि तुम्ही? तुम्ही माझं सगळं काम एका शब्दात निकालात काढायचात. "पावडर." गिऱ्हाईक आलं की सांगायचात, "काम माझं, पावडर पद्माची." मी चिडायचे. म्हणायचे, "माझी पावडर नसली तर तुमचं शिसव आणि चुलीतलं लाकूड सारखंच दिसतंय, रशीदभाई." तुम्ही हसायचात आणि माझ्या डब्यातली शेंगाचटणी बोटानं उचलायचात. रमजानमध्ये मी लाजून डबा उघडायची नाही, तेव्हा मात्र रागवायचात, "खा की! रोजा मी धरलाय, तुझ्या पोटानं न्हाई."

एकवीस वर्षांत कौतुक म्हणून जे काही मिळालं ते दोन शब्दांचं. काम पुरं झालं की तुम्ही बोटांची मागची बाजू लाकडावरून फिरवायचात आणि म्हणायचात, "ठीक है." बास. माझ्या हातनं आरशासारखं झालेलं टेबल असू दे, तरी "ठीक है." एकदा मी म्हटलं, दुसरा एखादा शब्द शिका की. तुम्ही विचारात पडल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "हौ. ठीकच है."

आता ती कोकणची गोष्ट काढतेच. तुम्हाला आवडणार नाही, पण आज तुम्ही मला थांबवू शकत नाही.

खाडीकाठच्या एका शेठच्या लेकीच्या लग्नाचं कपाट होतं ते. साग आणि शिसव, आठ ड्रॉवरचं. भर उन्हाळ्यात आपण ते पुरं केलं. ड्रॉवर आणि चौकट यांत तुम्ही कागदाएवढी फट ठेवली होतीत आणि येईल त्याला बोलावून खेळ दाखवत होतात. एक ड्रॉवर आत ढकलायचा, की आतली हवा दाबली जाऊन शेजारचा ड्रॉवर आपोआप बाहेर यायचा. समोरचा पंक्चरवाला तीनदा येऊन बघून गेला. तुमचा चेहरा असा झाला होता की जणू ती हवाच तुम्ही बनवलीय.

मी तेव्हा विचारलं होतं. नीट आठवा, मी विचारलं होतं, "आतनं पण एक हात मारू का पॉलिशचा?" आणि तुम्ही म्हणालात, "नक्को. आत कोण बघतंय?"

कपाट गेलं. दोन महिन्यांनी फोन आला. आठही ड्रॉवर फुगून घट्ट बसलेले, आत नवरीच्या सगळ्या साड्या, आणि लग्न चार दिवसांवर. आपण दोघं एसटीनं गेलो. रंधा तुमच्या पिशवीत, स्पिरिटची बाटली माझ्या पिशवीत, आणि कंडक्टर दर थांब्याला विचारत होता की वास कशाचा येतोय. तिथं उतरलो तर हवाच ओली. सदऱ्याची कॉलर लगेच मऊ पडली. तुम्ही कपाटापुढं उभे राहिलात, मुठीला हात घातलात, पाय भिंतीला लावून ओढलंत. ड्रॉवर जागचा हलला नाही, मूठ तेवढी हातात आली. नवरीमुलगी म्हणाली, "काका, असलंच एक कपाट बँकेला द्या."

शेवटी तुम्ही कपाट फिरवलंत आणि पाठीची फळी उघडली. साड्या मागच्या बाजूनं एकेक करून बाहेर काढल्या. घरातल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या राहून त्या झेलत होत्या आणि हसून हसून वाकत होत्या. मीही. तुम्ही एकटेच तोंड लांब करून उभे. संध्याकाळपर्यंत रंधा मारून तुम्ही आठही ड्रॉवर सैल केलेत. परत येताना एसटीत रंध्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलात. मग म्हणालात, "पद्मा, सोलापूरच्या उन्हात बसून मी दर्याचं माप घेतलं. येडा हाय मी." मला वाटलं, चला, कबुली मिळाली. पण तेवढ्यात तुम्ही बोट वर केलंत. "फट माझी चुकली. पॉलिशचा काही संबंध न्हाई."

तिथून सुरू झालेलं भांडण अकरा वर्षं चाललं, रशीदभाई. मी म्हणायचे, आतून पॉलिश असतं तर ओल एवढी शिरलीच नसती. तुम्ही म्हणायचात, पावडर लावून लाकूड फुगायचं थांबत न्हाई. चहाला बसलं की भांडण, जेवायला बसलं की भांडण. त्यानंतरही तुम्ही मला एकाही ड्रॉवरच्या आतल्या अंगाला हात लावू दिला नाहीत. तुमच्यासारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि त्या हट्टाशिवाय आता दुपारी चहा गोड लागत नाही.

मग तुमची छाती भरायला लागली. डॉक्टरांनी भुशात बसायचं नाही म्हणून सांगितलं. तुम्ही घरी बसलात आणि मी रोज चार वाजता स्कूटरवरून येऊन वर्कशॉपची खबर द्यायला लागले. "सहाव्याची फळी?" मी विचारायचे. "देतो की. घाई नक्को," तुमचं ठरलेलं उत्तर. मला वाटायचं, फळी वर्कशॉपमध्येच कुठंतरी आहे आणि बरे झालात की येऊन बसवाल. मध्येच एक दिवस तुम्ही म्हणालात, "एक बाटली चपडा पाठव. भाभीच्या आरशाची चौकट कळकट दिसतीय." मी म्हटलं, मी करून देते. तर केवढे उसळलात! "एवढी चौकट मला जमत न्हाई व्हय?" मी बाटली दिली, मलमलचं फडकं दिलं, आणि घरी जाऊन ह्यांना सांगितलं की रशीदभाई म्हातारपणी पावडर लावायला बसलेत. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

तुम्ही गेल्यावर मी वर्कशॉप उलथंपालथं केलं. माळा बघितला, बाकाखाली बघितलं, भुशाची पोती उपसली. बारा दिवस. तुमच्या सतरा पेन्सिली सापडल्या, माझा हरवलेला डबा सापडला, फळी नाही. तुमच्या घरी शोधायचं डोक्यातच आलं नाही, कारण लाकडाचा एक कपटा घरात आणायचा नाही ही भाभींची सक्त ताकीद, आणि साऱ्या जगात तुम्ही घाबरायचात ते एका भाभींना.

परवा भाभींचा फोन आला. चाळिसाव्याला पाहुणे येणार म्हणून त्या खोली झाडत होत्या. "पद्मा, ये तेरा क्या सामान है ग? पलंगाखाली हाय. हात लावला तर चिकटतंय."

मी स्कूटर कशी चालवली ते मला माहीत नाही. तुमच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेली, आपली सहावी फळी. दर्शनी बाजू कोरी, रंध्याचा शेवटचा हात मारलेली, त्या रेषेचं टोक तिच्यावर डौलात संपलेलं. मी ती छातीशी धरली आणि तिथंच पलंगावर बसले. मग उलटी केली.

आतल्या बाजूला पॉलिश होतं.

किती वाईट होतं म्हणून सांगू! एका कोपऱ्यात लाखेचा लगदा, दुसऱ्या कोपऱ्यात नुसतं स्पिरिट. मध्ये लहान पोरानं भिंतीवर तेलाचा हात पुसावा तसे फराटे. आणि अगदी मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, फडक्याची वीण उमटलेली. हात थांबला होता.

भाभी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "रोज दुपारी मी सोये की हे काहीतरी काढून बसायचे, मला वाटलं आरशाची चौकट. काय चाललंय विचारलं तर म्हणायचे, 'पद्माला सांगू नक्को. तिच्यासारखं होईना.' तुझ्या गाडीचा आवाज आला की टाकलं पलंगाखाली, आणि डोळे मिटून पडायचे."

तर तो हात माझ्या स्कूटरनं थांबवला. अकरा वर्षं म्हणालात आत पॉलिश नको, आणि स्वतः आतूनच करायला बसलात. तेही चोरून. माझ्यासारखं होईना म्हणालात, तेही माझ्याकडं नाही, भाभींकडं! रशीदभाई, मी तुमच्या पलंगावर बसून इतकी हसले की भाभी घाबरल्या. मग त्याही हसल्या. मग आम्ही दोघी रडलो, पण ते हसण्याच्या नंतर, हे लक्षात ठेवा.

भाभी म्हणाल्या, तो डाग राहू दे, त्यांची निशाणी आहे. माझंही मन तसंच होत होतं. आतली बाजू, कोण बघतंय? पण हे तुमचंच वाक्य आहे आणि त्यानं आपल्याला एकदा कोकणात नेलंय. शिवाय चुकलेलं काम तुम्ही कधी वेशीबाहेर जाऊ दिलं नाहीत. माझ्या एका खुर्चीच्या पायाखाली, जिथं जमिनीशिवाय कुणी बघणार नाही तिथं, एक ओघळ राहिला होता, तर ती खुर्ची तुम्ही टेम्पोतून परत उतरवली होतीत. मग तुमचा डाग मी कसा सोडू?

तुमचं पॉलिश खरवडायची गरज पडली नाही. लाखेचं हे मला फार आवडतं. नव्या हातातलं स्पिरिट जुना थर विरघळवतं आणि दोन्ही एक होतात. काल दुपारी मी वर्कशॉपमध्ये फळी बाकावर ठेवली, नवा बोळा बांधला आणि जिथं तुमचा हात थांबला होता बरोबर तिथून सुरुवात केली. गोल, गोल, न थांबता. वीण विरघळली, फराटे विरघळले, कोपऱ्यातला लगदा पसरला. आता तुमची लाख कुठली आणि माझी कुठली, मलाही सांगता येणार नाही. पहिल्यांदाच आपण दोघांनी एकाच बाजूला काम केलं. दर्शनी बाजू मी एकटीनं केली. तिथं तुम्हाला हात लावू दिला नाही.

आज सकाळी फळी बसवली. खाचा तुम्ही आधीच पाडून ठेवल्या होत्या, केसाचाही फरक नाही. रेष पहिल्यावरून निघाली, खाली उतरली आणि सहाव्यावर येऊन पुरी झाली. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या नुसत्या चष्मा पुसत राहिल्या. एवढे दिवस एका बाजूला भोक होतं, त्यामुळे कपाटाची हवा कधी तपासताच आली नव्हती. मी सहावा ड्रॉवर हलकेच आत ढकलला.

पहिला ड्रॉवर दोन बोटं बाहेर आला.

मी बोटांची मागची बाजू त्याच्यावरून फिरवली. ठीक है, रशीदभाई. ठीकच है.